अभिरुची त्यांची, भावना आमची?
(नव्या इमारती, वास्तुविशारद आणि लोकमत)

१.

शहरात नवी इमारत उभी राहिली की तिच्याविषयी दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक बोलणे रविवारच्या पुरवण्यांत, वास्तुकलेच्या मासिकांत आणि परिसंवादांत चालते. इमारतीचा दर्शनी भाग कसा आहे, तिने शहराच्या रूपाचे भले केले की वाटोळे, वास्तुविशारदाची शैली कोणती, याचा तिथे खल होतो. या बोलण्याला 'अभिरुची' म्हणतात. इमारत जुनी असली तर 'वारसा' म्हणतात. दुसरे बोलणे वस्तीत, कामगारनाक्यावर, चाळीच्या कमिटीच्या बैठकीत चालते. पाणी चढेल का, अंत्ययात्रा कुठून निघेल, जयंतीचा मंडप कुठे पडेल, म्हातारा माणूस चाळिसाव्या मजल्यावरून खाली कसा येईल, हे तिथले प्रश्न. या बोलण्याला 'भावना' म्हणतात. पहिल्याची चर्चा करायची असते, दुसऱ्याची समजूत काढायची असते.

शब्दांची ही वाटणी निरागस नाही. दलित साहित्याच्या बाबतीत आपण ती अनुभवलेली आहे. हे साहित्य प्रथम आले तेव्हा त्याला आक्रोश म्हटले गेले, प्रचार म्हटले गेले, समाजशास्त्राला उपयोगी पडणारी सामग्री म्हटले गेले. साहित्य म्हणायला प्रस्थापितांची जीभ रेटेना. त्या वेळी आपल्या समीक्षकांनी ज्या सौंदर्यकल्पनेच्या नावाने हा निवाडा होतो तिचीच तपासणी केली. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे त्या खटाटोपाचे एक फलित. साहित्यापुरते हे काम झाले. विटा, सिमेंट आणि जमीन यांच्या बाबतीत ते झालेले नाही. आपल्या नियतकालिकांनी कवितासंग्रहांची परीक्षणे केली, नाटकांची केली. ज्या इमारतींत आपली माणसे राहायला ढकलली गेली, त्या इमारतींचे परीक्षण सहसा कोणी केले नाही.

या लेखाचे म्हणणे असे की, इमारतींविषयी दलित आणि श्रमिक माणूस जे बोलतो ती समीक्षा असते. ती वापरणाऱ्याची समीक्षा असते आणि पुष्कळदा ती बांधणाऱ्याचीही असते. पण समीक्षा म्हणून ती लिहिली जात नाही, म्हणून प्रत्येक वेळी ती 'भावना' या सदरात जमा होते. भावनेची दखल घेऊन काम थांबवता येते आणि भावना निवल्यावर तेच काम पुन्हा सुरू करता येते. मुद्द्याचे तसे नसते. मुद्द्याला उत्तर द्यावे लागते.

२.

दोन पाडकामे शेजारी ठेवून पाहू.

एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' पाडण्यात आला. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांची ही १९७२ सालची इमारत. प्रबलित काँक्रीटच्या त्रिमितीय सांगाड्याचा तो एक धाडसी प्रयोग होता. इमारत साठ वर्षांची झालेली नाही, म्हणून तिला वारसा मानता येत नाही, अशी सरकारी भूमिका होती. देशातल्या आणि परदेशातल्या वास्तुविशारदांनी निषेध केला, लेख लिहिले, न्यायालयात दाद मागितली. इमारत पडलीच; पण ती पडली तेव्हा एक मोलाची कलाकृती पडली याची नोंद झाली. ही नोंद योग्यच होती.

त्याच्या दहा महिने आधी, २५ जून २०१६ च्या पहाटे, मुंबईत दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांची वृत्तपत्रे ज्या बुद्धभूषण छापखान्याशी जोडलेली होती, तो छापखानाही त्यात गेला. त्या जागी सतरा मजली इमारत उभी करायची योजना होती. १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. हजारो माणसे रस्त्यावर आली ती एका साध्या, बसक्या, कोणाच्या शैलीचा शिक्का नसलेल्या इमारतीसाठी. या घटनेवर बोलताना सर्वत्र शब्द कोणता आला? 'आंबेडकरी जनतेच्या भावना दुखावल्या.'

दिल्लीत वास्तू गेली आणि दादरला भावना दुखावली, असा हा हिशोब आहे. दिल्लीतल्या इमारतीचे मूल्य तिच्या रूपात होते, म्हणून ते मूल्य मानले गेले. दादरच्या इमारतीचे मूल्य तिच्या वापरात होते. तिथे बैठका झाल्या, अंक छापले गेले, खेड्यातून आलेला कार्यकर्ता तिथे टेकला. इमारतीचे मूल्य तिच्यात घडलेल्या कामावरून ठरवणे हाही एक निकष आहे आणि तो रूपाच्या निकषापेक्षा कमी काटेकोर नाही. मोर्च्यातली माणसे हाच निकष लावत होती. त्याला नाव देण्याचे काम आपण लिहिणाऱ्यांचे होते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. ते भवन पाडण्याचा निर्णय बाहेरच्या कोणी बिल्डरने घेतला नव्हता. ज्या न्यासाच्या ताब्यात ती जागा होती, त्या न्यासाच्या मंडळींनीच तो घेतला आणि जुनी इमारत मोडकळीला आली असून नवी भव्य वास्तू समाजाच्याच हिताची आहे, असे समर्थनही केले. म्हणजे उंचीला प्रगती समजणारी दृष्टी आपल्या घरातही आलेली आहे. इंदू मिलच्या जागेबाबतही आपल्यात एकमत नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्त्यांनी मिलमध्ये शिरून जागेवर हक्क सांगितला, २०१५ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली, पुढे पुतळ्याची नियोजित उंची चौथऱ्यासह साडेचारशे फुटांवर गेली. हा पैसा आजारी मुलांच्या रुग्णालयाला द्या, असे प्रकाश आंबेडकर २०२० मध्ये जाहीरपणे म्हणाले. पुतळा हवा की संशोधनकेंद्र हवे, उंची हवी की उपयोग, हा वाद आपल्यात मोकळेपणाने चालतो. नुसत्या भावनेत असा वाद होत नाही. मते वेगवेगळी असणे आणि त्यांना कारणे असणे, ही विचार चालू असल्याची खूण आहे.

३.

नागपूरच्या दीक्षाभूमीचे उदाहरण याहून बोलके आहे. १ जुलै २०२४ रोजी तिथे भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक जमले, बांधकामाच्या साहित्याची मोडतोड आणि जाळपोळ झाली, आणि त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली. कारण सांगितले गेले ते जनभावनेचे.

लोक नेमके काय म्हणत होते ते पाहा. स्तूपाच्या इतक्या जवळ खोल खणले तर पायाला धोका आहे, हा एक आक्षेप. हा स्थापत्य अभियंत्याचा आक्षेप आहे. त्याला उत्तर मातीच्या परीक्षणाने आणि आराखड्याने द्यायचे असते. दुसरा आक्षेप मोकळ्या मैदानाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे घडले ते उघड्या मैदानावर घडले. त्यामुळे दीक्षाभूमीची मुख्य वास्तू कोणती, असे विचारले तर एक उत्तर 'स्तूप' आणि दुसरे उत्तर 'मैदान' असे येईल. माझ्या मते दुसरे उत्तर अधिक खरे आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे तिथे येतात, उघड्यावर बसतात, शिदोरी सोडतात, पुस्तके विकत घेतात, तिथेच झोपतात. रस्त्याने, एसटीने, रेल्वेने येणाऱ्या या माणसांपैकी कितीजणांना वाहनतळ लागतो? कोणासाठी काय बांधायचे, हा आराखड्याचा पहिला प्रश्न असतो. तो तिथे लोकांनी विचारला.

आणि ही मंडळी नव्याच्या विरुद्ध होती असेही नाही. दीक्षाभूमीचा स्तूप नवाच आहे. वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीचा आकार समोर ठेवून तो रचला, आतून पोकळ ठेवला, त्यामुळे भोवती फिरायचे स्तूपाचे रूप राहिले आणि आत बसायची जागाही झाली. १९७८ मध्ये सुरू झालेले काम चालत राहिले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काँक्रीट वापरले म्हणून कोणी तक्रार केली नाही. लोकांनी तो स्तूप आपला मानला, घराघरांत त्याची तसबीर लागली. एक इमारत स्वीकारायची आणि तिच्या शेजारचा खड्डा नाकारायचा, यात जी निवड आहे तिला आणखी कोणते नाव द्यायचे?

४.

आता राहत्या घरांकडे येऊ. इथे प्रश्न अधिक अवघड होतो, कारण इथे आपल्याविषयी दुसरेच हळवे झालेले असतात.

बीडीडी चाळी इंग्रज सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून दोनशेहून अधिक. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गिरणीकामगार, गोदीकामगार, पालिकेचे सफाई कामगार, पोलीस या खोल्यांतून राहिले. आंबेडकरी चळवळीची मुंबईतली कितीतरी माणसे इथे घडली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली, पँथरच्या तरुणांना पोलिसांच्या काठ्यांना आणि शेजारच्या चाळींतून येणाऱ्या दगडांना एकाच वेळी तोंड द्यावे लागले आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला.

म्हणजे चाळीचाळींतल्या त्या चार हातांच्या गल्लीलाही जातीची सीमा होती. मराठी मध्यमवर्गाच्या साहित्यात मात्र चाळ ही प्रेमळ शेजाराची, गमतीदार भांडणांची जागा म्हणून अजरामर झाली आहे. चाळी पाडायला निघाल्या तेव्हा 'चाळसंस्कृती नष्ट होणार' म्हणून हळहळणाऱ्यांत, चाळ कधीच सोडून उपनगरात गेलेले पुष्कळ होते. पहाटे संडासच्या रांगेत टमरेल घेऊन उभी राहणारी बाई त्या हळहळीत सामील नव्हती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास असणे ही त्या बाईच्या दृष्टीने क्रांती आहे. तिच्या मताला जो भोगवाद म्हणेल त्याने आधी शंभर वर्षे त्या रांगेत उभे राहावे.

एवढे मान्य करूनही प्रश्न उरतात आणि ते रहिवासीच विचारतात. चाळीला लांब सामाईक मार्गिका होती, खाली दोन चाळींमध्ये मोकळी जागा होती. जयंतीची वर्गणी, अभ्यासिका, कमिटीची बैठक, लग्न, मयत हे सगळे तिथे होई. चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यात हे सगळे उद्वाहनाच्या दोन दरवाजांत येऊन अडते. त्याच जमिनीवर विक्रीच्या इमारती उभ्या राहायच्या आहेत; त्या घरांच्या विक्रीतून खर्च निघायचा आहे. तेव्हा पुनर्वसनाचे मनोरे आणि विक्रीचे मनोरे यांच्यामध्ये भिंत असेल का? बाग कोणाच्या बाजूला? ढोल वाजला तर पोलिसांना फोन कोण करील? उद्वाहन, पंप आणि रंगरंगोटीचा खर्च सफाई कामगाराच्या निवृत्तिवेतनातून किती वर्षे भागेल? मिळालेले घर दहा वर्षांनी विकून बदलापूरला जायची पाळी आली, तर ते घर मिळाले असे म्हणायचे का?

आणखी एक गोष्ट. या मनोऱ्यांच्या बातम्यांत मंत्र्यांची नावे आली, ठेकेदार कंपन्यांची आली. घराचा नकाशा कोणी काढला ते नाव सामान्य वाचकाला सापडणार नाही. याच परिसरात श्रीनिवास मिलच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गगनचुंबी मनोऱ्याचे वास्तुविशारद अमेरिकेतले आहेत हे मात्र विक्रीसाठी मिरवले गेले. श्रीमंताच्या घराला कर्ता असतो. गरिबाच्या घराला फक्त योजना असते. आणि कर्ता नसला म्हणजे जाब विचारायलाही कोणी नसते.

५.

जाबाचा हा मुद्दा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत उघडा पडतो. १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फुटांचे घर होते, पुढे ते २६९ आणि मग ३०० चौरस फुटांचे झाले. चौरस फूट वाढले, पण दोन इमारतींमधले अंतर कुठे गेले? गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत दोन इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टरांच्या एका संस्थेने तिथे पाहणी करून ऊन आणि वारा न मिळण्याचा क्षयरोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या बायका हे त्याआधीच सांगत होत्या : 'झोपडीत होतो तेव्हा निदान दारात ऊन यायचं.' अभ्यासकाने मोजले ते ज्ञान झाले, बाईने सांगितले ती कुरकुर ठरली.

अशा नकाशांवर सही वास्तुविशारदाचीच असते. १९७२ च्या कायद्याने या व्यवसायाला मान्यता, नोंदणी आणि आचारसंहिता दिली. पण त्याला नेमतो विकासक, पैसे देतो विकासक. जो त्या घरात आयुष्य काढणार तो त्याचा ग्राहकच नसतो. राहणाऱ्याचे मत या व्यवहारात कुठे येते? संमतिपत्रावर. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, पुढे ५१ टक्क्यांवर काम भागू लागले. हे कायद्याने मोजलेले लोकमत! नकाशा न दाखवता घेतलेला अंगठा. 'घर हवे का?' एवढाच प्रश्न त्यात असतो. 'कसे घर हवे?' हा प्रश्न त्या कागदावर छापलेलाच नाही.

गिरण्यांच्या जमिनींचा इतिहासही हेच सांगतो. १९९१ च्या नियमाने या जमिनींचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी यायचा होता. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने १९९६ मध्ये एकत्रित नियोजनाचा आराखडा दिला. २००१ मध्ये नियमातच असा फेरफार झाला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यांची राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार कायम केला. गिरणगावाचे मत काय होते हे सर्वांना ठाऊक होते. नियमाच्या एका शब्दापुढे त्याचे काही चालले नाही.

६.

सगळे वास्तुविशारद एका माळेचे मणी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोरियांनीच १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत रचली तिचा विचार आपण केला पाहिजे. सात घरे एका लहान चौकाभोवती, अशा सात-सात घरांचे गट. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सर्वांत गरीब आणि त्यातल्या त्यात सुस्थित यांच्यात फरक थोडाच. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणून पैसा जमेल तसे प्रत्येकाला शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय वाढवता यावे. विषमतेला नकाशातच लगाम घालण्याचा हा प्रयत्न होता.

पुढे तिथल्या पुष्कळ रहिवाशांनी मूळची कौलारू घरे पाडून सिमेंटच्या स्लॅबची, दोन-तीन मजल्यांची घरे बांधली. वास्तुकलेच्या जगात याविषयी हळहळ आहे. मला यात हळहळण्यासारखे फारसे दिसत नाही. घर वाढवता यावे असे ज्याने ठरवले, त्याला राहणाऱ्याच्या हाताने दिलेले हे उत्तर आहे. कौलांचे छप्पर शहरातल्या चोखंदळ माणसाला सुंदर वाटते. ज्याच्या आईने दर पावसाळ्यात गळतीखाली भांडी ठेवली, त्याला स्लॅब सुंदर वाटतो. स्लॅब ओतला त्या दिवशी गावात जेवण घालणारे लोक आपण पाहिले आहेत. पक्के घर बांधू द्यायचे नाही, माडी चढवू द्यायची नाही, हे ज्यांच्या पूर्वजांवर गावकीने लादले होते, त्यांच्या स्लॅबप्रेमात इतिहास आहे. त्याला अभिरुचीचा अभाव म्हणणारी समीक्षा अडाणी आहे.

इमारत ज्यांच्या डोक्यावरून घमेल्याघमेल्याने वर चढते त्या बिगारी-गवंड्यांचे मत तर कोणीच विचारत नाही. माझे वडील आयुष्यभर सेंट्रिंगच्या कामावर होते. नव्या इमारतीसमोरून जाताना ते दर्शनी काच पाहत नसत. खांबात पोळे पडले आहेत का, प्लॅस्टरखाली काय दडवले आहे, पाणी किती दिवस मारले असेल, यावर बोलत. ओळंबा लावून पाहणाऱ्याचे ते वाचन होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी असे वाचक आहेत.

७.

या मुलांना आपण काय शिकवतो? कवितेतली प्रतिमा शिकवतो. तीही शिकवावी. पण 'जेव्हा मी जात चोरली होती' या बागुलांच्या कथेच्या मुळाशी भाड्याच्या खोलीचा प्रश्न आहे, 'बलुतं'मधला कावाखाना हा एका घराचा आराखडाही आहे, हे त्यांना दाखवले पाहिजे. आणि तेवढ्यावर न थांबता वस्तीत येणाऱ्या पुनर्विकासाचा नकाशा वर्गात आणून फळ्याला टांगला पाहिजे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने नाव ऐकताच घर नाकारले जाते हे दाखवले. नकाशा नाव न विचारताही हे करू शकतो. मोलकरणीचे उद्वाहन वेगळे कोणी काढले? पुनर्वसनाच्या इमारतीचे तोंड मागच्या गल्लीकडे का? विहाराची जागा 'सोसायटी ऑफिस' म्हणून का दाखवली? खालच्या मजल्यावर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते?

हे प्रश्न लिहून काढायचे, त्यांना मापे जोडायची, नकाशावर सही करणाऱ्याचे नाव शोधून त्याला पाठवायचे आणि त्याचे उत्तर छापायचे, एवढे काम महाविद्यालयातले दहा विद्यार्थी आणि एक शिक्षक एका सत्रात करू शकतात. उत्तर आले नाही तर तेही छापावे. असे चार-सहा वस्त्यांत झाले, तर पुढच्या वेळी एखादा खड्डा खणला जाईल किंवा एखादे भवन रात्रीत पाडायला यंत्र येईल, तेव्हा जमलेल्या माणसांच्या हातात निळ्या झेंड्याबरोबर कागदही असेल. आणि संमतिपत्र पुढे आले की वस्तीतली बाई आधी नकाशा मागेल.